गुलाबी पाण्याचा दिवस

७ ऑक्टोबर

जेवण झाल्यावर समोर कोणी नसतं, म्हणून ही वही.

हेल्मी ऑगस्टात गेली. ती असताना मी रोज संध्याकाळी टेबलाशी बसून जगाची झाडाझडती घ्यायचो. खाणमालक, बँकवाले, वॉशिंग्टनचे पुढारी, कोणाला सोडत नसे. ती बटाटे सोलायची किंवा मोजे रफू करायची आणि मधूनच "हं" म्हणायची. उभ्या संसारात त्या "हं"चा अर्थ मला लागला नाही. ऐकत होती की नुसती सोबत करत होती, हे विचारायचं राहून गेलं.

आज संस्थेची बैठक झाली. नौकाविहार कंपनीला आमचा धक्का हवाच आहे. पलीकडच्या खाडीत त्यांचं दुरुस्तीचं आवार आहेच, आता इकडे शहरी लोकांच्या पांढऱ्या बोटी लावायच्या आहेत. नगर समितीने धक्का आम्हा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला भाडेपट्ट्याने दिलाय, त्यात अट एकच: मोसमाच्या पहिल्या दिवशी संस्थेची बोट जाळी घेऊन पाण्यात गेली पाहिजे. एके काळी इतक्या बोटी होत्या की धक्क्यावर जागेवरून भांडणं व्हायची. आता एकटी 'एस्टर' उरली आहे. ती गेली की धक्का गेला, आणि धक्का गेला की आम्ही कोण?

सुलो नीमी माझ्याच वयाचा, शाळेपासूनचा. तो म्हणाला, "रेइनो, या वर्षी इंजिनाचं थंडीचं काम कंपनीच्या आवारात देऊ या. हेल्मी नाही, आणि आपल्यातल्या कोणाला त्यातलं कळतं?"

मी उठलो. म्हणालो, ज्या दिवशी आपल्या बोटीचं पोट त्यांच्या पान्याने उघडलं, त्या दिवशी धक्का त्यांचा झाला, कागद नंतर होईल. आपल्या आजोबांनी खाणकंपनीच्या दुकानातून मीठसुद्धा घ्यायचं नाकारलं होतं, थंडीत उपाशी राहून नाकारलं होतं. त्यांची नातवंडं आता बादलीभर पाणी ओतायला कंपनीच्या दारात उभी राहणार काय?

ठराव माझ्या बाजूने झाला. बाहेर पडताना वेस टेर्वोने खांद्यावर हात ठेवला. "काका, मी करतो इंजिनाचं. काकूंना करताना किती वेळा पाहिलंय मी. पिंप, बादली, नळी. त्यात काय आहे?"

१६ ऑक्टोबर

'एस्टर' आज वर ओढली. तिला लाकडी ठोकळ्यांवर चढवून टेकू दिले. वेस चाळिशीतला गडी, हाताने दणकट आणि तोंडाने त्याहून दणकट. दिवसभर थट्टा चालू होती, पण मन कशात नव्हतं कोणाचं. टेकू ठोकताना प्रत्येक जण एकदा इंजिनाच्या झाकणाकडे बघत होता. ती जागा हेल्मीची.

गुलाबी पाण्याचा दिवस शनिवारी ठरला आहे. आमच्या इंजिनाला थंड ठेवायला सरोवराचंच पाणी आत फिरतं. थंडीत ते आत राहिलं तर गोठून फुगतं आणि ओतीव लोखंड काचेसारखं तडकवतं. पाणी सोडायची खालची बुचं माझ्या सासऱ्याच्या काळापासून घट्ट बसली आहेत. जोर लावला तर आटे जातील म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. म्हणून ही प्रथा. इंजिनाची पाणी ओढणारी नळी पिंपात सोडायची, पिंपात सरोवराचं पाणी भरत राहायचं, इंजिन चालू. तेवढ्या वेळात मी शिडीवर उभा राहून वर्षाचा आढावा घेतो. भाषण संपलं की नळी पिंपातून काढून न गोठणाऱ्या गुलाबी पाण्याच्या बादलीत. मागच्या धुराच्या नळीतून गुलाबी धार सुटली की सगळे टोप्या उडवतात, मग माशाचं सार, वेलदोड्याचा पाव आणि कॉफी. कॉफी दर वर्षी थंड झालेली असते आणि सुलो दर वर्षी मला त्यावरून ऐकवतो.

माझं भाषण आणि हेल्मीचं इंजिन, अशी आमची वाटणी होती. ती झाकणाशी बसायची, इंजिनाच्या माथ्यावरच्या जाड नळीवर तळहात ठेवून, माझ्याकडे बघत. मी तिच्या हातावर नजर ठेवून बोलायचो. हात नळीवरून उठला की समजायचं, आता पुरे. मग मी दोन वाक्यांत आवरतं घ्यायचो.

या वर्षी मला कोण थांबवणार?

१९ ऑक्टोबर

झालं एकदाचं.

वाऱ्याला धार होती, मधूनच बर्फाचे कण. सगळे आले होते. बायकांनी सार शेकोटीवर ठेवलं होतं. वेसने इंजिन चालू केलं, पिंप भरलं आणि ओरडला, "चढा, अध्यक्षमहाराज. आम्ही अंगावर भरपूर कपडे घातलेत."

मी शिडी चढलो. भाषण तयार होतं. पहिल्या संपापासून सुरुवात करणार होतो, मग हेल्मीचं नाव घेणार होतो. वर उभा राहिलो आणि सवयीने झाकणाकडे पाहिलं. तिथे वेस बसला होता, सिगारेट पेटवत. नळीवर कोणाचा हात नव्हता.

मला बोलता येईना. ज्याने गोदीकामगारांसमोर पोलिसांच्या नाकावर टिच्चून दोन-दोन तास भाषणं केली, त्याच्या तोंडून एवढंच निघालं: "मोसम बरा गेला. सगळ्यांचे आभार. ओता."

खाली उतरलो तरी कोणी हललं नाही. मग सुलो म्हणाला, "हे काय? मी दोन जोड मोजे घालून आलो होतो." सगळे हसले, मोकळे झाल्यासारखे.

वेसने नळी बादलीत टाकली आणि बघता बघता मागून गुलाबी धार आली. इतक्या लवकर कधीच आली नव्हती. दर वर्षी बादल्यांवर बादल्या ओताव्या लागायच्या, आज निम्म्याहून जास्त गुलाबी तसंच उरलं. वेस म्हणाला, "बघा, काकांनी तोंड आवरलं तर इंजिनसुद्धा खूश." टोप्या उडाल्या. इंजिन बंद केलं, झाकण लावलं, ताडपत्री बांधली.

कॉफी गरम होती. संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा. सुलोने जीभ भाजून घेतली आणि त्याचंही त्याला कौतुक. मला ती घोटभरही गेली नाही. मनात एकच विचार होता: इतकी वर्षं मी शिडीवर उभा राहून बोललो, त्यातला एक शब्द तरी लागत होता का? मी गप्प बसलो तर काम लवकर झालं, बचत झाली, लोक हसले, कॉफी गरम मिळाली. यापेक्षा स्वच्छ निकाल कोणत्याच सभेने माझ्याविरुद्ध दिला नव्हता.

२० ऑक्टोबर

मुलीचा, मार्लिसचा, मिनियापोलिसहून फोन. दवाखान्यात कामाची पाळी होती म्हणून तिला येता आलं नाही.

"बाबा, भाषण केलंस ना?"

"केलं."

"पूर्ण? नेहमीसारखं?"

"हो ग. पहिल्या संपापासून."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिला वाटत असेल, बाप बोलतोय म्हणजे धड आहे. पोरीला कशाला काळजी द्यायची.

१४ नोव्हेंबर

पाणी काठाने गोठायला लागलं. बादलीतलं सकाळी फोडावं लागतं. शनिवारी वाफस्नानाचा सौना तापवला, एकटाच बसलो. पाठीवर पाणी टाकायला कोणी नाही. अर्ध्यातून उठून आलो.

वाचायला बसतो, पान उलटत नाही. ज्या पुस्तकांनी मला माणूस केलं ती सगळी भिंतीला उभी आहेत आणि एकाही पुस्तकात दुपारचं काय करायचं ते लिहिलेलं नाही.

१८ जानेवारी

आज नगर समितीपुढे सुनावणी होती. कंपनीचा माणूस रंगीत चित्रं घेऊन आला होता. चित्रात आमचा धक्का होता, त्यावर कुंड्या होत्या, मासे नव्हते, आम्हीही नव्हतो. समितीच्या अध्यक्षा लोइस ब्रँट म्हणाल्या, संस्थेकडे एकच जुनी बोट आहे, तिचाही भरवसा नाही असं कानावर येतं.

तिथे मला पुन्हा आवाज फुटला. मी म्हणालो, बाई, ती बोट आम्ही आमच्या हातांनी बांधली आणि आमच्याच हातांनी थंडीसाठी तयार केली. साऱ्या गावाने गुलाबी धार डोळ्यांनी पाहिली आहे. कंपनीकडे चित्रं आहेत, आमच्याकडे इंजिन आहे. मोसमाच्या पहिल्या दिवशी 'एस्टर' पाण्यात नसेल तर माझ्याकडे येऊ नका, सरळ धक्क्याची किल्ली त्यांना द्या.

लोक उभे राहिले. मत आमच्या बाजूने पडलं, अट कायम ठेवून. बाहेर सुलो म्हणाला, "शेवटचं वाक्य नसतं बोललास तरी चाललं असतं." मी म्हटलं, खात्री असलेल्या माणसाने पळवाट ठेवू नये.

खूप दिवसांनी भूक लागली. घरी येऊन दोन माणसांचा स्वयंपाक केला आणि मग लक्षात आलं.

९ फेब्रुवारी

थंडी अशी की खिळे भिंतीत फटाफट वाजतात. सरोवर नजर पोचेल तिथवर पांढरं. 'एस्टर'कडे चालत गेलो. ताडपत्रीवरचा बर्फ काठीने झाडला, तिच्या अंगावर हात ठेवून उभा राहिलो. घरात नकोसं झालं की आता तिथेच जातो. आत गुलाबी पाणी आहे, एवढ्या विचाराने बरं वाटतं. या गावात एक तरी गोष्ट आतून गोठलेली नाही.

२७ एप्रिल

लिहायलाच हवं.

बर्फ फुटलं. सकाळी 'एस्टर'ची ताडपत्री काढली, पिंप भरलं, नळी सोडली. वेसने किल्ली फिरवली. इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आवाज बदलला. वेसने बंद केलं आणि तेलाची काडी ओढून पाहिली. काडीवर तेल नव्हतं. दुधाळ कॉफीसारखं काहीतरी होतं, म्हणजे तेलात पाणी.

वेस गुडघ्यावर बसला, विजेरी घेऊन आत वाकला, बाहीने इंजिनाची बाजू पुसली. पुसली तिथे पुन्हा पाणी आलं. एक बारीक रेघ, पेन्सिलीने काढल्यासारखी, पुढून मागेपर्यंत. तिच्यातून पाणी घामासारखं फुटत होतं.

"पण गुलाबी आलं होतं," वेस म्हणाला. "काका, तुम्ही पाहिलंत. सगळ्यांनी पाहिलं."

सगळ्यांनी पाहिलं होतं.

२९ एप्रिल

वेसने तडा घासून लोखंडाचा लेप भरला. इंजिन तापताच सुटला. पुन्हा भरला, पुन्हा सुटला. जेवायलाही घरी गेला नाही. त्याची बायको डबा घेऊन आली तर तिच्याशी बोलला नाही.

दुसरं इंजिन शोधून आणून बसवायला उन्हाळा जाईल. मोसम परवा सुरू होतो.

१ मे

मोसमाचा पहिला दिवस. सरोवर मोकळं, निळं, वारा नाही. असा दिवस सगळा हिवाळा आम्ही डोळ्यांपुढे ठेवत असतो. 'एस्टर' ठोकळ्यांवर. आम्ही धक्क्यावर जाळी घडी घालून बसलो होतो.

लोइस ब्रँट स्वतः आल्या. म्हणाल्या, "मला वाईट वाटतं, रेइनो." मी किल्ली दिली. भाषणात म्हटलं होतं तसंच.

सुलोने टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.

३ मे

मार्लिस आली. आल्या आल्या पाव करायला घेतला, आईसारखा, वेलदोडे खलात कुटून. दुपारी वेस आला आणि दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"काका, मी बुडवलं," म्हणाला.

मार्लिसने हात पुसले, त्याला बसवलं आणि विचारलं, "नीट सांग, त्या दिवशी काय काय केलंस?"

त्याने सांगितलं. पिंप, बादली, नळी, गुलाबी धार.

"माथ्यावरची नळी गरम झाली होती का?"

"कुठली नळी?"

"आई हात ठेवून बसायची ती." तिने पिठाचा गोळा खाली ठेवला. "अरे, आत एक झडप असते. इंजिन गार असलं की बंद. तेव्हा पाणी पोटात शिरतच नाही, वरच्या वर फिरून मागून बाहेर पडतं. इंजिन तापलं की ती उघडते, मग पोटातलं पाणी बाहेर आणि नवं आत. गार इंजिनात गुलाबी ओतलंस तर ते बाहेरून बाहेर येणार. पोटात सरोवरच राहणार."

वेसने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळू म्हणाला, "म्हणून लवकर आलं."

"पण झडप उघडलीच असेल," मार्लिस म्हणाली. "बाबाच्या भाषणात काय, चहाची किटली चार वेळा उकळेल. तेवढ्यासाठी तर आईने भाषण आधी ठेवलं होतं. किती वेळ झालं भाषण?"

वेसने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे.

"भाषण झालंच नाही, मार्लिस," तो म्हणाला.

तिने मला काहीच विचारलं नाही. ऑक्टोबरातल्या फोनचं तर नाहीच. पिठाच्या हातांनी माझ्यापुढे कॉफी ठेवली, एवढंच. तिने विचारायला हवं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खोटेपणावर तुटून पडलो आणि ज्या एका वाक्यावर बोट टिकून होती ते मी फोनवर सहज खोटं बोललो. खरं बोललो असतो तर ती तिथून ओरडली असती, नळी तापवली का, पुन्हा करा. तेव्हा भरपूर वेळ होता आणि उरलेलं गुलाबी पाणी कोठीत पडून होतं.

८ मे

कंपनीचे लोक धक्का मोजून गेले. भल्या माणसांसारखे वागले. एकाने मला खुर्ची देऊ केली.

अंथरुणातून उठायला कारण सापडत नाही. मला वाटत होतं की माझ्या शब्दांनी या लोकांना तापवून ठेवलंय, एकत्र ठेवलंय. माझ्या शब्दांचा खरा उपयोग एवढाच होता की मी बोलत असताना खाली एक लोखंड तापत होतं. हसावं असं आहे. संस्थेला वक्ता नको होता, घड्याळ हवं होतं. आणि त्या वर्षी घड्याळही बंद पडलं.

११ मे

मार्लिस उद्या परत जाणार. आज 'एस्टर' भंगारात न्यायला ट्रक आला, म्हणून दोघं गेलो होतो. वेसने इंजिनाचं झाकण उघडून ठेवलं होतं. मार्लिस आईच्या जागी बसली आणि त्या नळीवर हात ठेवला. लहानपणी ती तिथेच आईच्या मांडीवर बसायची.

मी म्हणालो, "म्हणजे तुझी आई माझं ऐकत नव्हती. नळी तापायची वाट बघत होती. तापली की हात उचलायची, आणि मला वाटायचं, मला थांबायला सांगतेय."

"नाही रे, बाबा. नळी फार लवकर तापायची. तू अजून पहिल्या संपातच असायचास. चटका बसायचा, मी हात काढून घ्यायचे. आई मात्र फडकं खाली घालून हात तिथेच ठेवायची."

"का?"

"मी विचारलं होतं एकदा. झालं ना गरम, सांग ना बाबांना, कॉफी गार होतेय. तर म्हणाली, अजून त्याचं सांगून झालेलं नाही. तुझं सांगून झालं असं वाटलं की मग हात उचलायची."

ट्रकवाल्याने साखळी आवळली. आम्ही बाजूला झालो.

घरी येऊन हे लिहितोय. दर ऑक्टोबरात मी शिडीवर उभा राहून तिचा हात उठायची वाट बघत बोलत राहायचो, आणि ती फडक्याखाली हात भाजत माझं सांगून व्हायची वाट बघत बसायची.

कॉफी गार व्हायची ती त्यामुळे.